हिरव्या काचा

सरांनी माझ्या सहामाही अहवालातली तीन पानं तांबड्या पेन्सिलीने या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खोडली. खोडताना ते माझ्याकडे बघतही नव्हते. खिडकीतून कॉलेजच्या मैदानावर चाललेली क्रिकेटची मॅच बघत होते.

"हे नको," ते म्हणाले. "याची वाहकता फार कमी आहे. असल्या नमुन्यावर कोण पेपर छापणार?"

मी म्हटलं, "सर, वाहकता कमी आहे, पण वायू निघून गेला की काटा परत पहिल्या जागेवर येतो. दुसऱ्या नमुन्यात येत नाही."

"तुझ्या हाताचा दोष असेल. नीट धुतला नसशील."

मी तो नमुना अकरा वेळा बनवला होता आणि प्रत्येक वेळी धुतलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. पानं गोळा केली आणि बाहेर आले. आज इतक्या वर्षांनी ती तीन पानं आठवली की माझे दात एकमेकांवर बसतात. राग सरांचा येतो, आणि त्यांच्यासमोर मान हलवून बाहेर आलेल्या त्या चोवीस वर्षांच्या मुलीचा त्याहून जास्त येतो.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, सांगलीतली गोष्ट. मी साताऱ्याची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून सांगलीच्या एका कॉलेजात पीएच.डी.ला लागले होते. विषय होता वायू ओळखणारे सेंद्रिय अर्धवाहक. नातेवाइकांना हा विषय सांगताना माझी पंचाईत व्हायची. मग मी म्हणायचे, "गॅस गळला की वाजणारी घंटा." त्यावर सगळ्यांना वाटायचं मी स्वयंपाकाच्या सिलिंडरबद्दल बोलते आहे. मी बोलत होते ती अमोनियाबद्दल, आणि अमोनिया आमच्या घरात माझ्या लहानपणापासून होता.

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, म्हसवडकडचे. सैन्यात मेकॅनिक होते. पेन्शनीत आल्यावर साताऱ्यात एका बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरवर लागले. बर्फ जमवायला तिथे पाइपांतून अमोनिया फिरवतात. कारखान्याचे पाइप जुने होते आणि त्यांचे सांधे आळीपाळीने गळायचे. गळती नेमकी कुठे आहे ते शोधायची रीत अशी, की गंधक लावलेली काडी पेटवून सांध्यावरून फिरवायची. जिथे दाट पांढरा धूर उठेल तिथे गळती. पण काडी पेटवायची बुद्धी व्हायला आधी वास यावा लागतो, आणि वास घ्यायचं काम अण्णांच्या नाकाकडे होतं.

एका रविवारी सकाळी मी घरी होते. आई देवळात गेली होती. अण्णा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पेपर वाचत बसले होते आणि त्यांच्यापासून दोन हातांवर स्टोव्हवर दूध होतं. मी मागच्या दारी कपडे धूत होते. करपल्याचा वास मला तिथवर आला. धावत आत आले तर पातेल्याचं बूड काळं झालेलं, घरभर धूर, आणि अण्णा शांतपणे पान उलटत होते. धूर डोळ्यांत गेला तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"अण्णा, वास आला नाही तुम्हाला?"

"कसला?"

त्यांनी मान वर करून नाक ओढलं. मग माझ्याकडे बघितलं आणि नजर पेपरवर नेली.

"कधीपासून येत नाही?"

"झाली असतील तीन-चार वर्सं. वासाचं काय एवढं? डोळ्याला पाणी आलं की कळतंच."

"मालकांना माहीत आहे?"

"मालकाला कशापायी सांगायचं? आनि हे बघ, तूबी कुटं बोलू नगंस."

मी त्यांना म्हटलं, की मालकांना धोक्याची घंटा बसवायला सांगा, बाहेरच्या देशांत तसली यंत्रं मिळतात. अण्णा म्हणाले, "सांगून झालंय. मालक म्हनत्यात, तुमचं नाक हाय की."

तेव्हा मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सांगलीच्या सरांकडे असल्याच विषयावर काम चालतं असं कळल्यावर मी दुसऱ्या कुठे अर्जसुद्धा केला नाही.

सरांच्या प्रयोगशाळेत आम्ही पॉलिॲनिलिन बनवायचो. ॲनिलिन नावाच्या तेलकट द्रवात आम्ल घालायचं, भांडं बर्फात ठेवायचं आणि त्यात हळूहळू दुसरं द्रावण सोडायचं. आधी निळसर झाक येते, मग बघता बघता सगळं गर्द हिरवं होतं. त्यात काचेची पट्टी बुडवून ठेवली की तिच्यावर हिरवा पातळ थर चढतो. प्लास्टिकचाच भाऊबंद, पण त्यातून वीज जाते. अमोनियाची वाफ लागली की तो थर हिरव्याचा निळा होतो आणि वीज अडते. अमोनिया त्यातलं आम्ल ओढून घेतो म्हणून हे होतं. वीज अडली की घंटा वाजवायची, एवढीच कल्पना.

प्रयोगशाळेत एक मामा होते. शिपाई म्हणून लागले होते, पण काचा कापणं, चांदीच्या लेपाने तारा चिकटवणं, गळकी नळी बांधणं, सगळं तेच करायचे. मी अमोनियाच्या बाटलीवर काचेचं मोठं भांडं उपडं घालून नमुना आत ठेवायचे आणि मामा घड्याळ बघून आकडे सांगायचे. मी ते वहीत लिहायचे. नुसत्या पॉलिॲनिलिनचा नमुना पहिल्यांदा वायू लागला की झकास झेप घ्यायचा. विजेला होणारा अडथळा मोजणाऱ्या मीटरचा काटा पार टोकाला. पण वायू काढून घेतला, पंखा लावला, तरी तो पूर्ण खाली यायचा नाही. दुसऱ्या वेळी थोडा अजून वर राहायचा. पाचव्या-सहाव्या वेळेला त्याच्यात हलायची ताकदच उरायची नाही. वायू असो नसो, काटा वरच.

मग मी ॲनिलिनऐवजी टोलुइडिन वापरून बघितलं. दोघांत फरक एवढाच, की टोलुइडिनच्या प्रत्येक कार्बनच्या कड्याला एक मिथाइल गट जास्तीचा चिकटलेला असतो. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. कागदावर काढायला गेलं तर पेन्सिलीची एक रेघ. त्या रेघेने सगळं बदललं. हा थर वीज फारच कमी नेत होता, अमोनिया लागल्यावर त्याची झेपही लहान होती. पण वायू काढला की काही मिनिटांत तो परत मूळ जागी. विसाव्यांदा वायू दिला तेव्हाही तो पहिल्यांदासारखाच वागला.

मामांनी विचारलं, "आवं, येवढ्याशानं असं कसं व्हतं?"

मी त्यांना पंगतीचं उदाहरण दिलं. माणसं मांडीला मांडी लावून सरळ बसली तर त्यांच्यातून हातोहात भांडं झटकन पुढे जातं. तशी साध्या पॉलिॲनिलिनमधून वीज जाते. आता प्रत्येकाच्या कोपराशी एकेक तांब्या ठेवा. माणसं जरा तिरकी होऊन, अंग चोरून बसतील. भांडं पुढे द्यायला त्रास होणार. पण माणसामाणसांत फट राहील.

"म्हंजे वाढप्याला आत जायला जागा झाली," मामा म्हणाले.

"आणि बाहेर यायलाही."

"मग ह्योच बरा की."

मामांना जे एका वाक्यात कळलं ते मी तीन पानांत मांडलं होतं, आकृत्यांसकट. तीच ती तीन पानं.

पुढे साताठ महिन्यांनी तासगाव रस्त्यावरच्या एका शीतगृहाच्या मालकांची आणि सरांची ओळख निघाली. शीतगृहात बेदाणा ठेवायचे. तिथेही थंडावा अमोनियाचाच. सरांच्या मनात आलं की आपलं यंत्र तिथे बसवावं, कॉलेजचं नाव होईल. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने एक पत्र्याची पेटी करून दिली. तिला घंटा, लाल दिवा, आणि घंटा कधी वाजावी ते कमीजास्त करायला एक फिरवायचं बटण. आत काच कोणती घालायची एवढाच प्रश्न होता.

आदल्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. "सर, टोलुइडिनची काच घालू या. साधी काच पाच-सहा गळत्यांत अडकून बसेल."

"उद्या पाहुणे येणार आहेत," सर म्हणाले. "वर्तमानपत्राचे लोक येणार आहेत. काटा दणकून वर गेला पाहिजे. तुझ्या त्या काचेला घंटा वाजवायलाच अर्धं मिनिट लागतं."

"पण उद्यानंतर..."

"उद्यानंतरचं उद्यानंतर बघू. नवीन काच बसवता येते की नाही? मग झालं."

नवीन काच बसवता येत होती. बसवायची आठवण कोण ठेवणार, कुणाला ते सांगणार, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नवी साडी नेसून, चंदेरी कागद लावलेल्या ताटात कात्री घेऊन उभी राहिले. सरांनी फीत कापली. कापसाचा बोळा अमोनियात बुडवून पेटीजवळ नेला. घंटा अशी वाजली की पुढच्या रांगेतले लोक दचकले आणि मग हसले. टाळ्या पडल्या. फोटोत मी आहे, सरांच्या डाव्या खांद्यामागे. मला हसू आलेलं आहे. तो फोटो मी नंतर फाडला, पण हसले होते ही गोष्ट फाडून जात नाही.

त्यानंतर मी त्या शीतगृहाकडे फिरकले नाही. मला वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला ती काच बघायची नव्हती.

अडीच महिन्यांनी, मंगळवार असेल, मामा सकाळी प्रयोगशाळेत आले ते चप्पल न काढताच आले. "ताई, त्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजात गॅस सुटला. बायकांस्नी सिव्हिलमदी न्हेलंय."

सरांना सांगायला थांबले नाही. मामा आणि मी रिक्षाने आधी शीतगृहावर गेलो. कारण माझ्या मनात एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला माहीतही होतं. पेटी भिंतीवर होती. दिवा बंद. देखरेख करणारा माणूस बाहेर पायरीवर डोकं धरून बसला होता.

मी विचारलं, "घंटा वाजली नाही?"

"न्हाई."

"बटण कुणी फिरवलं?"

त्याने डोक्यावरचे हात काढले. मग म्हणाला, "म्याच फिरवलं. आवं मॅडम, पयले आठ-पंधरा दिस झ्याक चाललं. फुडं गॅस नसताना बी वाजाय लागली. सकाळी वाजती, दुपारी वाजती. बायका काम टाकून भाईर पळायच्या. मालक वरडायचं. मग जरा फिरवलं, चार दिस गप बसली. पुन्ना वाजली, पुन्ना फिरवलं. आता बटण फुडं जाईतच न्हवतं."

"आम्हाला का कळवलं नाही?"

"कालेजात फोन केला हुता दोनदा. सायेब म्हनले, बटण फिरवा."

मी पेटी उघडली. आतली काच निळी पडली होती, कडेला जराशी हिरवट. माझ्याच हाताने बनवलेली काच. मी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

सिव्हिलमध्ये चार बायका होत्या. तिघी खोकत होत्या पण बसल्या होत्या. चौथी आडवी होती, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. बेदाणा निवडायच्या खोलीचं दार आणि यंत्राची खोली समोरासमोर होती. पाइपाचा सांधा फुटला तेव्हा ती दारात होती. बाकीच्यांना बाहेर ढकलण्यात तिचा वेळ गेला. शेजारी तिची सासू बसली होती आणि पदराने तिच्या कपाळावरचं पाणी टिपत होती.

मला तिथे काय सांगायचं होतं कुणास ठाऊक. मी माझं नाव सांगितलं, कॉलेजातून आले म्हटलं.

"घंटीवाल्या बाई का?" पट्टीखालून तिने विचारलं.

"हो."

"ती वाजली न्हाई ओ."

मग मी तिला सगळं सांगितलं. की ती काच चुकीची होती. दुसरी काच माझ्याकडे होती, ती अडकली नसती. मी साहेबांना सांगितलं होतं. ती पडून ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, "तुमी सायबास्नी सांगितलं. आमास्नी कुटं सांगितलंसा?"

आवाजात चढ नव्हता, भांडण नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं. मी उद्घाटनाच्या दिवशी तिच्यापासून दहा हातांवर ताट घेऊन उभी होते. "मावशी, ही घंटा आठवड्याला तपासून घ्या, उगाच वाजायला लागली तर ती बिघडली असं समजा," एवढं मला तिला सांगता आलं असतं. त्याला पीएच.डी. लागत नव्हती. तिची सासू म्हणाली, "जावा बाई तुमी आता. तिला झोपू द्या." मी उठले.

तिचा उजवा डोळा पुढे बरा झाला. डाव्यावर पांढरा पडदा आला तो गेला नाही.

त्या आठवड्यात सरांनी मला बोलावलं. टेबलावर टाइप केलेलं एक पत्र होतं. संशोधक विद्यार्थिनी म्हणून मी प्रमाणित करते, की बसवलेला नमुना निर्दोष होता आणि उपकरणाच्या बटणात परस्पर केलेल्या फेरफारामुळे घंटा वाजली नाही. खाली माझ्या नावाची रिकामी जागा.

"सही कर," सर म्हणाले.

"नमुना निर्दोष नव्हता, सर."

"बसवला तेव्हा होता. बटण त्यांनी फिरवलं."

"तुम्ही फोनवर फिरवा म्हणालात."

ते पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होते. "हे बघ, तुझं सगळं काम या प्रयोगशाळेत झालंय. तुझा अहवाल माझ्या सहीने पुढे जातो. दोन वर्षं घातलीस ना इथे?"

मी म्हटलं, "तीन पानं खोडलीत तुम्ही. त्यात हे सगळं लिहिलं होतं. काच कशी अडकते, का अडकते, कोणती अडकत नाही. तारखा आहेत माझ्या वहीत."

"वही कॉलेजची आहे. ती इथेच राहील."

मी सही केली नाही. पत्र तसंच टेबलावर ठेवून प्रयोगशाळेत आले तेव्हा मामांनी काही न विचारता माझ्या दोन्ही वह्या वर्तमानपत्रात बांधून माझ्या पिशवीत घातल्या. "कपाटात ठेवू म्हनून सांगितलंय मला," ते म्हणाले. "कपाटाची चावी गावंना झालीय." निवृत्तीला त्यांची चारच वर्षं उरली होती.

त्या रविवारी मी एस.टी.ने साताऱ्याला गेले. अण्णांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, अमोनिया त्यांना ठाऊक आहे, ते म्हणतील बरं केलंस. ते म्हणाले, "सही करून टाकायची हुतीस. वरच्या सायबाचा हुकूम म्हंजे हुकूम. डिग्री पदरात पडू दे, मग काय त्ये बोल."

माझ्या आत आठ दिवस जे साठलं होतं ते सगळं त्यांच्यावर गेलं. "तुमचं नाक गेलं हे सांगितलंत कधी मालकांना? तुमच्या मागे वीस माणसं काम करतात. त्यांना वाटतं अण्णा आहेत, अण्णांना वास येईल. तुम्हाला येत नाही. त्या पेटीत आणि तुमच्यात काय फरक आहे?"

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. अण्णा म्हणाले, "सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. तू शिकत हुतीस."

त्यावर मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात गेले आणि मालकांना सांगून आले, की माझ्या वडिलांना वास येत नाही, इथे यंत्र बसवा, काच मी फुकट देते. मालकांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, नीट ऐकून घेतलं. "बरं झालं सांगितलंस बाळ," म्हणाले. आठवड्याभरात त्यांनी अण्णांना कॉम्प्रेसरवरून काढून फाटकावर गाड्या मोजायला बसवलं आणि त्यांच्या जागी कोरेगावकडचा एक तिशीतला माणूस घेतला. यंत्र घेतलं नाही, दुसरं नाक घेतलं.

अण्णांनी माझ्याशी बोलणं सोडलं. सैन्यातून आणलेला पान्यांचा संच ते कारखान्यात ठेवायचे, तो घरी आणून माळ्यावर टाकला. पाच महिने आईमार्फत बोलायचे. पुढे बोलायला लागले, माझ्या लग्नात नाचलेसुद्धा, पण कारखान्याचा विषय आमच्यात परत कधी निघाला नाही. मी बरोबर वागले की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. राग आला की माणूस बरोबर असतोच असं नाही, एवढं त्यात शिकले.

सरांनी मला विद्यार्थिनी म्हणून सोडून दिलं. कारण लिहिलं, कामात सातत्य नाही. दीड वर्ष मी मार्गदर्शक शोधत फिरले. कोल्हापूरला गेले, पुण्याला गेले. माझ्या आधी सरांचं बोलणं पोचलेलं असायचं. "मुलगी हुशार आहे, पण फार वाद घालते." शेवटी एका कॉलेजातल्या बाईंनी मला घेतलं. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं आणि एक फ्रिज. त्यांनी माझ्या वह्या चार दिवस घरी नेऊन वाचल्या आणि मग विचारलं, "मिथाइलच का? मेथॉक्सी घालून बघितलंस का?"

मला रडू आलं. प्रश्न साधाच होता, पण दोन वर्षांत सरांनी एकदाही तसला विचारला नव्हता.

मेथॉक्सी घालून बघितलं. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे तो गट नुसती जागा अडवत नाही, शेजारच्या कड्याला इलेक्ट्रॉनही पुरवतो. त्याची वागणूक आणखी निराळी निघाली, दमट हवेत लहरी. मग आम्लं बदलून बघितली. लहान आम्ल हवेत उडून जायचं आणि काच आपोआप मरायची, मोठ्या रेणूचं आम्ल टिकून राहायचं. एकेक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं आणि वीस-वीस वेळा वायू देऊन बघायचं. दोन टेबलांवर मी तीन वर्षं हेच केलं. प्रबंध झाला, मंजूर झाला. खोडलेली तीन पानं त्यात अठ्ठेचाळीस पानांचं प्रकरण झाली.

दरम्यान सरांचा पेपर छापून आला होता. साध्या पॉलिॲनिलिनचा, पहिल्या झेपेचा आलेख ठसठशीत. वायू काढल्यावर काय होतं त्याचा आलेखच नव्हता. माझं नाव नव्हतं याचं मला फारसं वाटलं नाही. त्या आलेखाची खालची बाजू नव्हती, त्याने माझं डोकं भणाणलं. कुणीतरी कुठेतरी तो पेपर वाचून तसलीच काच भिंतीवर लावणार होतं.

शीतगृहाच्या देखरेखीवाल्या माणसाला मी टोलुइडिनची काच नेऊन दिली. त्याने ती मालकांना न विचारता बसवली. ती महिनाभर चालली, दोनदा वाजली, दोन्ही वेळा खरी गळती होती आणि दोन्ही वेळा गळती बंद झाल्यावर आपण होऊन गप्प झाली. मग मालकांनी पेटीच काढून टाकली. बेदाणा ठेवायला येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मनात घंटा ऐकून भलतंसलतं येतं, असं त्यांचं म्हणणं. तो माणूस मला हे सांगताना खाली बघत होता.

मी साताऱ्यातच एका कॉलेजात शिकवायला लागले. दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी सातारा स्टँडवर औंधच्या गाडीची वाट बघत होते. सर दिसले. केस पांढरे झालेले, हातात सुटकेस, वाईला कुठल्याशा कार्यक्रमाला चालले होते. त्यांनी मला ओळखलं आणि आपण होऊन जवळ आले. चेहरा प्रसन्न.

"अगं, तू. काय करतेस हल्ली? डॉक्टर झालीस असं ऐकलं. मला आनंद झाला. शेवटी पाया आमच्याकडेच घातला गेला ना."

मी म्हटलं, "सर, त्या बाईंचा डावा डोळा गेला."

"कोणत्या बाई?"

ते मुद्दाम विचारत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी त्यांना आठवण करून दिली. शीतगृह, पेटी, फोन, बटण, पत्र. ते आजूबाजूला बघायला लागले. स्टँडवर गर्दी होती आणि माझा आवाज वर्गात शिकवून शिकवून मोठा झालेला होता. "झालं ते झालं," ते म्हणाले, "आता इथे कशाला?" मी म्हटलं, तुमच्या खोलीत बोलले होते तेव्हा तुम्ही मॅच बघत होतात. शेंगा विकणारा माणूस टोपली खाली ठेवून ऐकायला लागला. वाईची गाडी लागली. सर चढले, खिडकीशी बसले, काच ओढायला गेले तर ती अडकलेली होती. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले आणि टोलुइडिनची काच का चालली असती ते त्यांना पहिल्यापासून सांगायला लागले, मिथाइल गटापासून. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा माझं अर्धंच सांगून झालं होतं.